आप्पांचा खोकला

आप्पा, तुमचा खोकला आता माझ्याकडं राहायला आलाय. तोच, अगदी तोच. आधी घशात खरखर, मग छातीच्या तळातनं वर येणारा लांबलचक ठसका, आणि सगळं संपल्यावर ‘हांऽ’ करून सोडलेला श्वास. श्रावणात आई चार दिवस आमच्याकडं बावड्याला आली होती. मी मागच्या दारी भांडी घासत होते आणि उबळ आली. आई आत जेवत बसलेली. तिचा घास हातातच थांबला, तिनं पदर डोक्यावर ओढला आणि दाराकडं बघितलं. मग मला म्हणाली, “आगं बया, मला वाटलं ह्येच आलं.” तुम्ही गेलात तेव्हा माझी पोरगी पाळण्यात होती, आता तिला पोर झालंय, आणि अजून तुमच्या खोकल्यानं बाईचा पदर वर जातो! असला राग आला मला, की हातातली कढई मी मोरीत आपटली. वाटणीत भावाला घर गेलं, रान गेलं, विहीर गेली. माझ्या वाट्याला हे आलं.

आणि आलं कधी, तर विडी सोडल्यावर. ओढत होते तोवर सकाळी एकदा घसा खाकरला की दिवस मोकळा. होळीच्या सुमारास सोडली आणि जणू अंगातली सगळी दुखणी दबा धरून बसली होती, ती एकदम बाहेर आली. तोंडात फोड, इतके की आमटीचा घोट घेताना डोळ्यांतनं पाणी यावं. पोट चार-चार दिवस हलायचं नाही. बोटांना मुंग्या. झोप उडाली ती उडालीच. पोळीचा तुकडा दिसला तरी तोंडात टाकावासा वाटायचा, आणि ब्लाउजं सगळी उसवून घेतली. हे सगळं हळूहळू निवळलं, खोकला मात्र वाढतच गेला. शेजारणी म्हणाल्या, पाळी जायचं वय आहे, व्हायचंच. मी पण मान डोलावली. काय सांगणार होते? ह्यांच्या मित्रानं सिगारेट सोडली तेव्हा गल्लीतल्या मंडळानं त्याला नारळ दिला, हार घातला, तो स्टेजवर उभा राहून आपल्या चिडचिडीचं आणि खोकल्याचं वर्णन करत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी खाली बायकांच्यात बसून पदरात खोकत होते. बाई विडी ओढते हेच कुणाला ठाऊक नाही, तर तिनं सोडली हे कोणाला सांगायचं? चोरून केलेली गोष्ट सोडायची पण चोरूनच, आप्पा.

तुम्ही हे केलंत. मी आज सरळ म्हणतेय, कारण तुम्ही समोर असता तर माझी जीभ रेटली नसती. संध्याकाळी शिरोलीच्या फौंड्रीतनं सुटून वडापच्या जीपनं तुम्ही कोडोलीला उतरायचात. गल्लीच्या तोंडाशी तुमचा खोकला ऐकू आला की आमचं घर बदलायचं. आई चुलीतलं लाकूड पुढं सारायची, भाऊ पुस्तक उघडायचा, आणि मी कोनाड्यातला विड्यांचा कट्टा हातात घेऊन तयार राहायची. तुम्ही उंबऱ्यात बसायचात, पायताण काढायचात, काळ्या मातीनं भरलेले हात गुडघ्यांवर ठेवायचात आणि म्हणायचात, “पोरी, बिडी पेटवून आण.” विडी नुसती निखाऱ्याला लावून पेटत नाही, ओढावी लागते, नाहीतर दारापर्यंत येईतो विझते. मी पहिल्यांदा आणली ती विझलेली. तुम्ही हसलात. “आगं, दम दे की तिला. तोंडात धर आन वढ.” मी ओढली. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला, आणि तुम्ही मांडीवर थाप मारून आईला म्हणालात, “बघ की, कशी खोकती म्हातारीवानी!” तेव्हा मी दुसरीत होते. पुढं मला सरावानं यायला लागलं. न विझता, न करपता, एका दमात. तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात, “आमची पोरगी लई झ्याक पेटवती.” शाळेत पहिला नंबर आला तेव्हा तुम्ही असं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

भावाला तुम्ही एकदाही हाक मारली नाहीत. मला तेव्हा वाटायचं, मी लाडकी आहे. तो धाकटा असून त्याला जवळ येऊ देत नाहीत, मला देतात, म्हणजे माझ्यात काहीतरी आहे. आता ह्या वयात, ह्या खोकल्यानं रात्र-रात्र बसून काढल्यावर, मी आईला विचारलं, मलाच का सांगायचे, त्याला का नाही? आई तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “त्यो पोरगा न्हवं का? त्याला सवय लागली असती की.” म्हणजे तुम्हाला कळत होतं! सवय लागते हे तुम्हाला चांगलं कळत होतं. फक्त पोरीला लागत नाही, असं तुम्ही धरून चालला होता. पोरीच्या छातीत धूर जात नाही, पोरीला तलफ येत नाही, ती आपली काडीपेटी. ती घासायची, पेटवायची आणि ठेवून द्यायची. आप्पा, एवढी लोखंड वितळवणारी अक्कल होती तुमच्याकडं, ही एवढी साधी गोष्ट तुम्हाला समजू नये?

आणि मग ते घरामागचं परडं. मी नववीत. तुम्ही टाकलेलं थोटूक मी उचललं होतं, गोठ्यामागं उभी राहून ओढत होते. तुमची त्या दिवशी सुट्टी आहे हे मी विसरले. तुम्ही काही विचारलं नाहीत. पायातलं पायताण काढलं आणि सुरुवात केलीत. कोल्हापुरी पायताणाचा मार काय असतो हे मी सांगायला नको, करकर वाजणारं ते तुमचं चांगलं दोन तळांचं होतं. “बाईमाणसानं बिडी? बाजारबसवी हाईस काय? नाक कापलंस माझं!” गल्ली गोळा झाली नाही, कारण मी ओरडले नाही. आई चुलीपुढं बसून होती. तिनं भाकरी परतली, पण ती उठली नाही. गाल सुजला, कानाच्या पाळीतली रिंग तुटून पडली, ती मी नंतर शेणात शोधली. इथवर ठीक. बाप मारतात. पण त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही उंबऱ्यात बसलात आणि तुम्ही, तुमची जीभ कशी झडली नाही, तुम्ही म्हणालात, “पोरी, बिडी पेटवून आण.” मी आणली. सुजलेल्या तोंडात धरून, दम देऊन, पेटवून आणली. तुम्ही ती घेतलीत आणि माझ्याकडं न बघता ओढायला लागलात. त्या दिवसाचा मार मी विसरले असते आप्पा, ती विडी विसरत नाही.

लग्न होऊन बावड्याला आले आणि मला बंब सापडला. मागच्या अंगणात तांब्याचा जुना बंब, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून पेटवायचा. शेणी, चिपाडं, थोडा धूर, आणि त्या धुरात माझा धूर. सासूबाई म्हणायच्या, सून लई कष्टाळू, बंबाला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. गॅसचा गिझर आला गल्लीत, मग सोलर आलं घरोघरी. मी बंब काढू दिला नाही. बंबाच्या पाण्याची चव वेगळी, अंग दुखत नाही, काय काय थापा मारल्या. सगळ्यांना वाटलं बाई जुन्या वळणाची आहे.

पोरगी बाळंतपणाला आली. बाळाला रोज सकाळी गुटी द्यायची, ती मीच उगाळून द्यायची. एका सकाळी बंबाजवळनं हात धुऊन तशीच आत आले, सहाणेवर हळकुंड, मुरुडशेंग, बदाम, सगळ्याचे वेढे दिले आणि बोटावर घेऊन बाळाच्या तोंडात घातलं. नातीनं ते चोखलं आणि असं तोंड वाकडं केलं, की पोरगी हसायला लागली. “आई, कडू लागलं बघ तिला.” मी बोट माझ्या नाकाशी नेलं. साबणाच्या खाली विडी होती. मुरलेली, पिवळी, तुमच्या उंबऱ्यातली. मी तशीच मागं गेले आणि चिपाडांखाली लपवलेला कट्टा बंबात घातला. नवस नाही, शपथ नाही. नुसता संताप आला होता, तुमचा आणि माझा.

पण संतापावर आठवडा निघतो, महिने निघत नाहीत. एमआयडीसीतल्या पोरांचे डबे करते मी, तुम्हाला हे ठाऊक नाही. पहाटे भाकरी, रस्सा, भाजी, भात. विडी सुटल्यावर जिभेला चव परत आली, आणि कळलं, इतकी वर्षं मी लोकांना खारट जेवायला घालत होते. मीठ कमी केलं तर पोरं म्हणाली, “काकू, मिठाचा डबा हरवला काय?” तोवर हसण्यावारी होतं. पण फोडणीचा धूर लागला की खोकला थांबेना. डबे न्यायला येणारी पोरं दारात उभी राहून ऐकायची, एकमेकांकडं बघायची. मग एकानं डबा बंद केला, मग दुसऱ्यानं. तिसरा चांगला होता, तो तोंडावर म्हणाला, “काकू, राग मानू नका, पण एकदा टीबीचं तपासून घ्या. आमी हातचं खातो तुमच्या.” खोकणाऱ्या बाईच्या हातचं कोण खाईल? मी असते तर मीही खाल्लं नसतं. माझं सगळं त्या चुलीवर चाललंय, आप्पा. ह्यांची मिल कधीच सुटली.

डॉक्टरीण तरुण, नेटकी. तिनं विचारलं, घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं का? मी तोंड उघडायच्या आत हे छाती काढून म्हणाले, “छे ओ म्याडम, आमच्यात सुपारीचं खांड बी कोण खात न्हाई.” मी खाली बघितलं. मग फोटो काढला, थुंकी तपासली, रक्त तपासलं. टीबी नाही. औषधाच्या बाटल्या, गोळ्या, वाफारा. ती बिचारी डोकं खाजवत होती आणि मला उत्तर ठाऊक असून मी पाटी कोरी ठेवून बसले होते.

भाद्रपदात पितृपंधरवडा लागला, तुमच्या म्हाळाला आम्ही कोडोलीला गेलो. तुमच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता हे तुम्हाला आठवत असेल, म्हणजे तुम्हीच तो कावळा असाल तर. दुपार कलली तरी शिवेना. शेवटी काकांनी विडी पेटवून पानाजवळ ठेवली आणि कावळा झपकन आला. तेव्हापासून दरवर्षी तुमच्या पानावर खीर, वडे, भजी, आणि पेटती विडी. पेटवायचे काकाच. काका ह्या उन्हाळ्यात गेले. ह्या वर्षी विडी भावाच्या हातात आली. मास्तर माणूस, आयुष्यात तंबाखूचा वास घेतलेला नाही, त्यासाठी तर तुम्ही त्याला जपलंत! दिवस सर्दावलेला, विडी सादळलेली. तो काडी ओढायचा, विडीच्या तोंडाला लावायचा, धूर यायचा आणि विझायची. दम द्यायचा तर ठसका लागायचा. अर्धी काडीपेटी संपली. परड्यात सगळी उभी, भावजय, तिची पोरं, माझे हे, जावई. गोठ्याच्या पत्र्यावर पान तसंच, कावळा चिंचेवर बसून बघतोय. आणि आई, पायरीवर बसलेली, एकदम म्हणाली, “तिच्याकडं दे. तिला येतंय.”

भाऊ समजला, आई लहानपणचं म्हणतेय. त्यानं हसून विडी माझ्यापुढं केली. “व्हय की, आक्का, तूच पेटवायचीस न्हवं!” त्याला वाटलं, काय मोठंसं, एक दम. विडी माझ्या बोटांत आली आणि आप्पा, खोटं सांगत नाही, तोंडाला पाणी सुटलं. सगळं अंग म्हणालं, ओढ. देवाचं काम आहे, बापाचं काम आहे, कोण बोट दाखवणार आहे? कावळा ओरडला. आणि मला तो सुजलेला गाल आठवला, तो उंबरा आठवला. तेच परडं, तीच विडी, आणि मेल्यावरही तुम्ही पेटवून मागताय!

मी म्हणाले, “मी न्हाई पेटवणार. मी बिडी सोडलीया.” भावजय म्हणाली, “आक्का, सोडलीया म्हंजे?” “सोडलीया म्हंजे वढत होतो. लग्नाआदीपासनं. रोज. पोरीला पोर झालं आन सोडली. ह्यो खोकला त्याचा हाय, टीबीचा न्हाई.” मग विडी तशीच, न पेटवलेली, पानावर ठेवली आणि चिंचेकडं बघून मोठ्यानं म्हणाले, “आन पायजेच आसंल पेटवून, तर उपाशी जावा म्हणावं.” जावई मोबाईलमध्ये बघायला लागला. भाऊ काडीपेटी खिशात घालत होता आणि ती सारखी खाली पडत होती.

येताना ह्यांनी अर्ध्या वाटेवर चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली, चहा घेतला, निम्मा प्याला, आणि म्हणाले, “म्हणून बंब काढू दीत न्हवतीस व्हय?” मी म्हणाले, व्हय. ते म्हणाले, “आन मी त्या म्याडमला सुपारी सांगत बसलो!” त्यानंतर आठवडाभर अबोला. मग एके दिवशी बाजारातनं आले आणि ज्येष्ठमधाची पुडी फळीवर ठेवली. मी त्यांना चोरून फसवलं, त्यांचा राग बरोबर आहे. तो मी सोसेन. तुमच्यावरचा माझा राग कोण सोसणार?

म्हाळाच्याच दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला होता. “शिवला गं कावळा. वडा उचलून न्हेला.” मी विचारलं, आणि विडी? “ती तशीच हाय पानावर.” एवढी वर्षं आम्ही तुमच्यासाठी विड्या पेटवत होतो, आणि तुम्ही वडा उचललात! मग मी आईला विचारलं, तुला कधीपासनं ठाऊक होतं? ती म्हणाली, “परड्यात मारलं त्याच्या आदीपासनं. वासावरनं कळतंय की.” मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, “मला बी मिसरी हाय की बाई. कुठल्या तोंडानं बोलायची? ह्या घरात तमाकू सगळ्यांनी खाल्ली, मार तेवढा तू खाल्लास.” आणि फोन ठेवला. आईवर पण रागवावं असं फार वाटतं. जमत नाही.

डॉक्टरणीकडं मी एकटी गेले आणि सांगितलं. ती आधी रागावली, टीबीच्या मागं लावलंत मला म्हणाली. मग समजावून सांगितलं. इतकी वर्षं धुरानं छातीची साफसफाई बंद पडली होती, ती आता परत सुरू झालीय, म्हणून खोकला. काहींना आठवडे लागतात, काहींना महिने, आणि तरी मधून-मधून येऊन छाती दाखवत राहायचं. म्हणजे तुम्ही भरून ठेवलेलं मी उपसतेय, एवढंच ना? मी हसले तर ती म्हणाली, हसताय काय. डबेवाल्या पोरांनाही सांगून टाकलं. दारात उभी राहून, रिपोर्ट हातात धरून. एक जण लाजून म्हणाला, “काकू, मी पण सोडायला बगतोय, हुईना झालंय.” त्याला आता डब्याबरोबर लवंगा देते. दोघं परत आले, एक आला नाही.

हे तुम्हाला पोचायचं नाही, आणि पोचून उपयोग काय, तुम्हाला वाचता येत नव्हतं. पोस्टमन आला की पत्र मलाच वाचून दाखवायला लागायचं. हे मी वाचून दाखवणार नाही. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हे नीट ध्यानात ठेवा. पुढच्या म्हाळाला वडे मिळतील, विडी मिळणार नाही.

फक्त एक आहे. आता थंडी पडायला लागली तसा खोकला कमी आलाय. परवा दुपारी डबे गेले होते, हे बाहेर गेले होते, घरात कुणी नव्हतं. सकाळपासनं एकदाही खोकले नाही हे ध्यानात आलं, आणि घर फार गप्प वाटायला लागलं. मग, आप्पा, मी मुद्दाम खोकले. एकदाच, तुमच्यासारखं, शेवटच्या श्वासासकट. आणि दाराकडं बघितलं.